गळतीचं पाणी संपेपर्यंत

तांब्याला चिंच-मीठ लावून घासलं की आधी काळं पाणी सुटतं, मग आंबट, ओलसर, जुन्या पैशासारखा वास येतो आणि एकाएकी आतून गुलाबी रंग वर येतो. आज दुपारी मी माळ्यावरून आत्यांची गळती खाली काढली आणि बाथरूममध्ये पाट टाकून घासायला बसले. माळ्यावरच्या प्रत्येक डब्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे, त्यामुळे शोधावं काही लागलं नाही. हात मात्र उगाचच घाई करत होते.

ईशान, तारा, गळती म्हणजे तांब्याचं लहानसं पात्र. त्याच्या तळाला बारीक भोक असतं. ते महादेवाच्या पिंडीवर टांगतात, पाण्यानं भरतात आणि भोकातून दर्भाची, म्हणजे एका सुकवलेल्या गवताची, काडी खाली सोडतात. काडीमुळे पाणी भसकन येत नाही. थेंबाथेंबानं उतरतं, नेमकं पिंडीच्या माथ्यावर.

गेल्या रविवारी ईशाननं मला फोनवर विचारलं होतं, "आजी, आई साधी दुकानात निघाली तरी दारात थांबते. आम्हाला म्हणते, ‘ये’ म्हणा. आम्ही म्हटलं नाही तर जातच नाही. असं का गं?"

मागून तारा ओरडली, "किल्ली हातात घेऊन उभी राहते! बाबा हसतो तिला."

मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि मुलींना ‘उत्तर थोडक्यात लिहा’ असं सांगत आले. हे उत्तर थोडक्यात बसणारं नाही. ते या गळतीत आहे.

आत्या म्हणजे तुमच्या आजोबांची आई. आमच्या घरात सासूला आत्या म्हणायची पद्धत होती. त्या हुपरीच्या. हुपरीत घरोघरी चांदीचे पैंजण घडवतात. त्यांच्या माहेरी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लहान हातोडीची टकटक चालायची. त्या म्हणायच्या, टकटक थांबली की लहानपणी मला दुपारच्या झोपेतून जाग यायची. म्हणूनच की काय, गळतीच्या थेंबांसमोर त्यांचं मन लागायचं. माझं लागायचं नाही.

आत्या प्रदोष करायच्या. दर पंधरवड्याला त्रयोदशी येते, एकदा चंद्र वाढत असताना, एकदा तो घटत असताना. त्या दिवशी सकाळपासून उपास, आणि पूजा सकाळी नाही, संध्याकाळी. सूर्य मावळायच्या सुमाराला अंघोळ करायची, पिंडीसमोर बसायचं, गळती भरायची आणि मौन धरायचं. गळतीतला शेवटचा थेंब पडेपर्यंत बोलायचं नाही. मग आरती, मग दहीभाताचा नैवेद्य, मग सगळ्यांनी जेवायचं. शनिवारी त्रयोदशी आली तर तो शनिप्रदोष. त्या दिवशी पूजा होताच त्या देवळातही जायच्या. रविवारी आली तर मात्र आमच्या सगळ्यांचीच परीक्षा असायची, कारण शेजारच्या घरी रविवारचं मटण शिजत असायचं. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण फोडणीत पडल्याचा वास बरोबर तिन्हीसांजेला भिंत ओलांडून यायचा. आत्या डोळे मिटून बसलेल्या, नाकपुड्या मात्र हलत असायच्या. तुमची आई, म्हणजे आमची वैशू, तेव्हा फ्रॉकमध्ये होती. ती माझ्या कानात म्हणायची, "आई, आजीचा महादेव शाकाहारी आहे का गं?"

आमचं घर कोल्हापुरात, पेठेत होतं. बैठं, तीन खोल्यांचं, वर मंगलोरी कौलं. संध्याकाळ झाली की गल्लीतून म्हशी परतायच्या आणि त्यांच्या अंगाचा ओला, तळ्याच्या पाण्याचा वास सगळीकडे भरायचा. कोपऱ्यावरच्या तालमीतून शड्डूचे आवाज यायचे. दुधाच्या कट्ट्यावर म्हशींच्या धारा काढायला बसलेले गवळी गिऱ्हाइकांना हाका मारायचे, चरवीत धारेचा आवाज आधी टणक आणि मग फेसाळ होत जायचा. थंडीत नदीपलीकडच्या गुऱ्हाळांचा वास यायचा, उकळत्या काकवीचा, इतका दाट की घशाला गोड लागायचं. या सगळ्याच्या मधोमध आत्या पाटावर स्थिर बसलेल्या. टप्. मग किती वेळ काही नाही. मग पुन्हा टप्.

मला ते सोसत नसे. माझा दिवस घंटेनं चालणारा. तास संपला, घंटा. सुट्टी, घंटा. घरी येऊन कुकर लावलेला, वह्यांचा गठ्ठा टेबलावर, आणि सगळं घर त्या एका थेंबासाठी खोळंबलेलं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून मनगटावरचं घड्याळ पाहायची. पाहिलं की लगेच पुन्हा पाहायची. आत्यांच्या ते लक्षात येई. बोलता येत नसल्यामुळे त्या हातातल्या बांगड्या एकदाच वाजवत. अर्थ असा, की बस खाली.

बेल आणून द्यायची हौसाबाई उचगावहून. तिच्या टोपलीत वर बेलाची हिरवी पानं, खाली पांढरी कण्हेर, आणि अगदी तळाला स्वतःच्या नातवासाठी घेतलेली शेव-चिरमुऱ्याची पुडी. ती दारातूनच ओरडायची.

"काकी, बेल आणलाय बगा! तीन पानांचा हाय, तुटका एक बी न्हाई."

"गेल्या टायमाला बी असंच म्हनालीस," आत्या आतून म्हणायच्या. "निम्मा किडका निघाला. म्हादेवाला डोळं न्हाईत असं वाटतंय व्हय तुला?"

"म्हादेवाला तीन हायती की! तुमालाच दोन कमी पडत्यात." हौसाबाई हसायची आणि मला पाहून आवाज खाली आणायची. "वैनी आज लवकर आल्यात जनू. उपास करत न्हाईत व्हय तुमच्या सूनबाई?"

"तिचा उपास इंग्रजीत असतोय," आत्या म्हणायच्या. "तिला भूक लागली की ती घड्याळ बगती."

मला राग यायचा आणि हसूही. राग जास्त वेळ टिकायचा.

एका प्रदोषाला वैशूनं काय केलं ते ऐका. ती दुसरी-तिसरीत असेल. आत्यांनी डोळे मिटले आहेत असं पाहून ती गुडघ्यांवर रांगत गेली, हात वर केला आणि गळतीतली दर्भाची काडी ओढून काढली. पाणी धो धो पिंडीवर पडलं, तामण भरून पाटावर आलं, आणि ती टाळी वाजवून म्हणाली, "संपलं! आजी, जेवायला वाढ!"

आत्या बोलल्या नाहीत. त्यांनी तिच्या मुठीतून काडी सोडवून घेतली, परत भोकात ओवली आणि तांब्यानं गळती पुन्हा काठोकाठ भरली. सगळं पहिल्यापासून. त्या दिवशी वैशू दहीभातासाठी वाट पाहत पाटाशेजारीच झोपली. मौन सुटल्यावर आत्या तिला उठवताना म्हणाल्या, "पानी काय आपलं हाय व्हय घाई कराय? त्येचं त्येला येऊ द्यावं. मी एवढ्या वर्सांत कवा काडी ओढलेली बगितलीयास?"

ते खरं होतं. ताप अंगात असताना, बाहेर पाहुणे बसलेले असताना, आणि एकदा तर तुमचे आजोबा स्कूटरवरून पडून पाय धरून दारात आलेले असतानाही त्यांनी काडी ओढली नव्हती. आजोबा कण्हत बसले, मी हळद लावली, त्या डोळ्यांनी सगळं बघत राहिल्या आणि थेंब पडत राहिले.

आता ‘ये’ची गोष्ट. आमच्या घरातून कोणी बाहेर निघालं की आत्या दारात यायच्या. परीक्षा असो, गावाला जाणं असो, तळहातावर चमचाभर दही घालायच्या. निघणाऱ्यानं ते चाटायचं आणि म्हणायचं, "येतो." कोल्हापूरच्या बायका-मुलीही ‘येतो’च म्हणतात. मी वैशूला कितीदा ‘येते’ म्हणायला शिकवलं, आत्यांपुढे माझं शिक्षण चाललं नाही. मग आत्या म्हणायच्या, "ये." बस, एवढंच. ‘जा’ हा शब्द त्या दारात कुणी उच्चारला नाही. त्यांच्या ‘ये’शिवाय वैशू पायरी उतरायची नाही. शाळेची रिक्षा भोंगा वाजवत राहायची, मी आतून ओरडत राहायची, आणि ती बोट चाटत उभी असायची, "आजी, अजून म्हटलं नाहीस."

पुढे वैशू मोठी झाली. कुठून कशी, ते तुमची आई तुम्हाला सांगेल. मला आठवते ती तिची सायकल, तिच्या ओढणीला लागलेला साखळीच्या वंगणाचा डाग, आणि संध्याकाळी वीज गेली की कंदिलाच्या उजेडात मोठ्यानं इंग्रजी वाचणारा तिचा आवाज. मग एके दिवशी अमेरिकेतून पत्र आलं, तिला प्रवेश मिळाला होता. मी पेढे आणले. आजोबांनी गल्लीत वाटले. आत्यांनी पेढा हातात घेतला आणि देवासमोर ठेवून दिला. खाल्ला नाही.

त्या दिवसापासून त्यांनी त्या विषयावर तोंड बंद केलं. कपडे शिवायला टाकले, बॅगा आल्या, चटण्यांची पाकिटं भरली, त्या गप्प. शेवटी वैशूच एकदा त्यांच्या पायाशी जाऊन बसली.

"आजी, बोल की काहीतरी."

"काय बोलू? तुमी ठरिवलंय."

"दोन वर्षांत येतो मी."

"तितं कोन हाय तुजं? रातीला पडलीस-झडलीस तर कोन इचारनार?"

"आजी, असं काय करतीस! मी निघताना ‘ये’ म्हणशील ना?"

आत्या उठल्या आणि सुपातले तांदूळ निवडायला लागल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "माज्या तोंडातनं ते निघनार न्हाई. आस लावू नको."

वैशू हसली, पण रात्री माझ्याजवळ येऊन रडली. "आई, ती म्हणणारच नाही गं. आणि तिनं म्हटलं नाही तर माझा पाय नाही निघायचा." मी तिला समजावलं, एवढं काय, म्हातारं माणूस आहे, आयत्या वेळी म्हणेल. मला स्वतःलाच त्याची खात्री नव्हती.

विमान ठरलं, त्यावरून मुंबईची लक्झरी ठरली, संध्याकाळी सुटणारी. माझ्या सगळ्या याद्या तयार होत्या. पासपोर्ट कुठे, टाचण्या कुठे, औषधं कुठे. तिथी मात्र आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. सकाळी हौसाबाई बेल घेऊन दारात उभी राहिली तेव्हा मी धावत जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. श्रावणातली त्रयोदशी. गाडीची वेळ आणि प्रदोषाची वेळ एकच.

"आजच निघाली व्हय पोर?" हौसाबाईनं विचारलं. तिनं त्या दिवशी टोपलीतला सगळाच बेल ओतला आणि आत्यांशी एका शब्दानंही भांडली नाही.

दिवसभर बारीक पाऊस होता. कौलांवरून पागोळ्या, अंगणात भिजलेल्या शेणी-गोवऱ्यांचा वास, आणि घरभर बॅगांच्या नव्या रेक्झिनचा. वैशू या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. मी कुलपं लावून पुन्हा उघडत होते. सूर्य दिसत नव्हता, तरी आत्यांनी वेळ बरोबर ओळखली. अंघोळ करून आल्या, पांढऱ्या फुलांची परडी घेतली, पिंडीसमोर बसल्या. गळती भरली. काडी ओवली. आणि ओठ मिटले.

वैशू दारात उभी राहिली. "बघ, मुद्दाम," ती पुटपुटली. "आता तिला बोलायलाच नको."

"मुद्दाम कशाला, त्रयोदशी आहे," मी म्हटलं. मलाही तेच वाटत होतं.

रिक्षा आली. तिचे पडदे दोन्ही बाजूंनी सोडलेले. रिक्षावाला पावसात अर्धा बाहेर वाकून ओरडला, "ताई, आटपा की! स्टँडवर पानी साचलंय, फिरून जाया लागतंय. गाडी काय मामाची न्हाई, थांबाय!"

आजोबांनी बॅगा ठेवल्या. टप्. मी वैशूच्या पर्सची चेन तिसऱ्यांदा तपासली. टप्. वैशू आत गेली आणि आत्यांच्या मागे, थोडी लांब, उभी राहिली. तिचे बूट हातात होते. तिनं वाकून जमिनीलाच नमस्कार केला, कारण पूजेत आत्यांना शिवायचं नव्हतं.

"आजी, येतो मी."

आत्यांची पाठ हलली नाही. गळती काठाखाली जेमतेम बोटभर उतरली होती. मी पाहिलं. त्या हिशेबानं अजून कितीतरी वेळ होता. बाहेर रिक्षाचा भोंगा एकदा वाजला, मग लांब वाजला. वैशू थांबली. मग वळली. उंबऱ्यावर आली, बूट घालायला वाकली, तिला नाडीची गाठ येईना.

मागे एक आवाज झाला. पाण्याचा. थेंबाचा नव्हे, धारेचा.

मी वळून पाहिलं. आत्यांच्या चिमटीत दर्भाची काडी होती. पाणी पिंडीवर कोसळत होतं, बेलाची पानं तामणातून वाहून पाटावर, पाटावरून फरशीवर आली होती, आणि त्या हात वर तसाच धरून बसल्या होत्या, जणू काय केलं ते त्यांनाच कळलं नव्हतं. शेवटचं पाणी उतरलं. एक थेंब लोंबला आणि पडला. मग त्या उठल्या. गुडघ्यांवर हात टेकून, ओल्या लुगड्यानं, नैवेद्याच्या वाटीतलं दही बोटांवर घेऊन दारात आल्या.

"हात कर की," त्या म्हणाल्या. "असं उपाशी निघतंय व्हय कोन?"

वैशूनं हात पुढे केला. दही चाटलं.

"ये," आत्या म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं, "ये गं माजे बाई. ये."

रिक्षा वळली. तिचा तांबडा दिवा पावसात विरघळला. आजोबा सोबत गेले होते. मी आत येऊन फरशी पुसायला फडकं घेतलं, कारण मला दुसरं काही सुचेना. आत्या पायरीवरच बसल्या होत्या.

"आत्या, चला, चार घास खाऊन घ्या."

"तुला वाटलं असंल, म्हातारी हट्टी हाय," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "हट्ट न्हवता. एकदा ‘ये’ म्हटलं की मागं वाट बगाय लागती. ‘ये’ म्हनायचं आनि दार लावून झोपायचं, असं होत न्हाई. मला झेपंल का, त्येचा इचार करत हुतो."

मी हातातलं फडकं पिळून ठेवलं. माझ्या याद्यांमध्ये हे कुठेच नव्हतं.

त्यानंतर आत्यांचे प्रदोष बदलले. काडी त्यांनी पुन्हा कधी ओढली नाही, पाणी त्याच्या त्याच्या वेगानं पडत राहिलं. पण त्या आता दाराकडे तोंड करून बसायला लागल्या. पाट फिरवून घेतला. पिंडी भिंतीपासून पुढे ओढली. रिक्षा गल्लीत शिरली की डोळे उघडायच्या, पुढे निघून गेली की मिटायच्या. इतकी वर्षं ज्या बाईच्या स्थिरपणाचा मला राग यायचा, ती माझ्यासारखी झाली, आणि मला ते पाहवेना. मी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं. त्यांच्याशेजारी जाऊन बसायला लागले. वैशूचा फोन रविवारी यायचा. आत्या फोन कानाला उलटा धरायच्या आणि एवढंच विचारायच्या, "कवा?"

त्यांनी वाट पाहिली. झेपेल तितकी पाहिली. वैशू आली तेव्हा उन्हाळा होता, बाहेर वळिवाचे ढग जमले होते, आणि आत्यांच्या पश्चात पाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता. ती बॅग दारातच टाकून देवघरापाशी गेली, रिकाम्या गळतीखाली तळहात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, आलो."

आता तुम्ही मोठे होत आहात. ते घर नाही, तिथे पार्किंग आहे. म्हशी पहाटे जातात की संध्याकाळी, या मजल्यावरून मला कळत नाही. मी उपास करत नाही. गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात, आणि मौन मला आजही साधत नाही. पण त्रयोदशीची संध्याकाळ आली की माझ्या हाताला काम सुचत नाही. मी टेबल आवरते, आवरलेलं पुन्हा आवरते. म्हणून आज ठरवलं, गळती लावायची. पडद्याच्या दांडीला टांगली, खाली पिंडी ठेवली, पाणी भरलं. दर्भ कुठला मिळायला, दोऱ्याची वात ओवली. थंडीचे दिवस आहेत, खिडकी उघडली तर कुठूनसा काकवीचा वास आल्यासारखा वाटला. टप्. बसले. लगेच उठले. पुन्हा बसले.

तेवढ्यात फोन वाजला. तुमच्याकडे सकाळ.

"आई," वैशू म्हणाली आणि थांबली. "कसला आवाज आहे गं तो?"

"ओळख."

थेंब पडला, मग दुसरा. मग तुमची गडबड ऐकू आली, दप्तराच्या चेनी, एकच मोजा सापडल्याची ताराची ओरड, दाराबाहेर बसचा भोंगा.

"आजी, बस आली!" ईशान ओरडला. "आई म्हणते तुलाच म्हणायला सांग. लवकर म्हण!"

"ये," मी म्हटलं. "ताराला पण सांग. ये म्हटलंय."

दार आपटलं. फोन बंद झाला. गळती अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होती. मला तिच्यासमोर बसायचं होतं. पण मी उठले, गॅलरीत गेले, आणि खाली रस्त्यावरून वळणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडे पाहत उभी राहिले.